माझाबी व्हायचाय

“आपण चहा घेता का?” मी विचारलं.

“नको बाई, आत्ताच झाला,” दारातल्या काकू म्हणाल्या. “आणि आमच्याच दारात उभी राहून तू आम्हाला चहा विचारतीस व्हय? आत ये, मी टाकते.”

मी फॉर्मवर ‘नाही’पुढे खूण केली आणि सांगितलं, “मला नको. आम्हाला परवानगी नाही.”

माझ्या पहिल्या नोकरीचा तो पहिला दिवस. वय तेवीस, मानसशास्त्रात एम. ए., गळ्यात ओळखपत्र आणि स्वतःबद्दल फार चांगलं मत. मिरजेच्या एका संशोधन संस्थेनं पाहणी काढली होती. चहा-कॉफी पिणाऱ्यांना म्हातारपणी विसरण्याचा आजार किंवा कंपवात कमी होतो का, हे त्यांना बघायचं होतं. साठीपुढच्या माणसांच्या घरी जायचं, स्मरणशक्तीची तीस गुणांची चाचणी घ्यायची, आणि चहा किती, कॉफी किती, ते लिहून आणायचं. माझ्या वाट्याला जयसिंगपूर आलं होतं.

संध्याकाळी आमच्या प्रमुख सबनीस मॅडमनी माझे फॉर्म चाळले, आणि परत पहिल्यापासून चाळले. सतरा घरांपैकी तेरा घरांत चहा घेत नाहीत, असं मी लिहून आणलं होतं.

“जयसिंगपुरात?” त्या म्हणाल्या.

“हो मॅडम. मी स्वतः विचारलं.”

“काय विचारलंस?”

“फॉर्मवर आहे तेच. आपण चहा घेता का?”

मॅडमनी कपाळाला हात लावला. इंग्रजी फॉर्मचं मराठी त्यांनीच केलं होतं, त्यामुळे त्यांना मला रागावताही येईना. दुसऱ्या दिवसापासून प्रश्न बदलला: आज सकाळपासून किती वेळा चहा झाला?

नियम मात्र बदलला नाही. कुणाच्याही घरी पाण्याखेरीज काही घ्यायचं नाही. “चहा तर मुळीच नाही,” मॅडम म्हणाल्या. “आपण चहाची पाहणी करतोय. आपणच लोकांना चहा करायला लावला तर आकडे कसले मिळणार?” मला ते पटलं. त्या वयात मला नियम फार पटायचे.

कॉफीचा रकाना बहुतेक रिकामाच राहायचा. कॉफी म्हटलं की लोक विचारायचे, घरात कुणाला पडसं झालंय का? एका आजोबांनी आठवून आठवून सांगितलं की धाकटीला बघायला पाहुणे आले होते तेव्हा केली होती, पण ते स्थळ काही जमलं नाही.

चौथ्या दिवशी, बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास मी अकराव्या गल्लीत हौसाक्का खोतांच्या घरी गेले. यादीत त्यांचं वय चौऱ्याहत्तर लिहिलेलं होतं. दार उघडलं ते पंचेचाळिशीच्या एका गृहस्थांनी. हा त्यांचा मुलगा भरत. ठाण्याला औषधांच्या कारखान्यात नोकरीला होता आणि रविवारी इकडे आला होता. विसरण्याच्या आजाराची पाहणी आहे म्हटल्यावर त्यानं मला जवळजवळ ओढूनच आत घेतलं.

“मॅडम, देवानंच पाठवलं तुम्हाला,” तो हळू आवाजात म्हणाला. मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी मॅडम म्हटलं होतं, त्यामुळे मी लगेच त्याच्या बाजूची झाले.

खिडकीशी शिवणाच्या यंत्रावर हौसाक्का साडीला फॉल लावत बसल्या होत्या. बारीक चणीच्या, नाकावर घसरलेला चष्मा, तोंडात दोन टाचण्या. टाचण्या काढून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“बाही नऊ, छाती बत्तीस,” त्या म्हणाल्या. “पण ब्लाउज शिवून घ्यायला न्हाई आलेली दिसत. बस की. चहा टाकते.”

“नको अक्का. मला परवानगी नाही.”

“अगं घे. माझाबी व्हायचाय.”

भरतनं लगेच माझ्याकडे बघितलं, ते का, हे मला कळलं नाही. त्यानं मला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं आणि आईला ऐकू जाईल अशाच आवाजात सगळं सांगून टाकलं. रविवारपासून तो बघत होता. दिवसातून पाच-सहा वेळा आई म्हणते, माझा चहा व्हायचाय. चहा घेते, कपबशी धुते, आणि तासाभरानं परत तेच. आज तर त्यानं मोजलं होतं. सकाळपासून चार वेळा पातेलं चढलं होतं.

“माझे सासरे असेच गेले,” तो म्हणाला. “आधी चहा घेतलेला विसरायचे. मग जेवलेलं. एक दिवस माझ्या बायकोला म्हणाले, बाई तुम्ही कुणाच्या?” तो जरा थांबला. “आईला इथं एकटी ठेवून मला तिकडे झोप लागायची नाही. परवा रात्रीच्या गाडीची दोन तिकिटं काढलीत. घराला कुलूप लावायचं ठरलंय.”

“कुणाचं ठरलंय?” हौसाक्का यंत्रावरून म्हणाल्या. “तिसऱ्या मजल्यावर मी काय करू? तिथं लोक दारं लावून बसतात. फॉल कुणाचे लावू?”

“बघा, हे असं चाललंय तीन दिवस.”

हौसाक्कांनी यंत्राचं चाक हातानं थांबवलं आणि खुर्ची माझ्याकडे फिरवली. “काय गं बाळ, तुझ्या परीक्षेला किती मार्क?”

“तीस.”

“किती पडले म्हणजे मी शहाणी?”

“चोवीसच्या वर असले की काळजी नसते, पण अक्का, हे असं—”

“भरत, ऐक. चोवीसच्या वर पडले तर मी हितं ऱ्हाते. खाली पडले तर गप तुझ्याबरोबर येते. घे बाळ.”

ही नुसती पाहणी आहे, यावरून कुणाचं घर बंद करायचं नसतं, असं मी दोनदा सांगितलं. माझं दोघांनीही ऐकलं नाही. भरत म्हणाला, “ठरलं.” सतरा घरांचे चुकीचे फॉर्म भरून चार दिवस झाले नव्हते, आणि आता माझ्या पेन्सिलीवर एका बाईचं घर होतं.

चाचणी सुरू झाली.

“आज काय आहे, सांगता का?”

“माघ वद्य सप्तमी.”

“आई, तारीख विचारतायत.”

“मग तारीख म्हणायचं. अठरा. बुधवार. पुढच्या आठवड्यात महाशिवरात्र.”

“आपण कितव्या मजल्यावर आहोत?”

“मजला कसला? ही जमीन हाय.”

मी पूर्ण गुण दिला. मग तीन शब्द सांगितले: विहीर, टोपी, आंबा. ते लक्षात ठेवा, थोड्या वेळानं परत विचारेन, असं बजावलं. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं, तर त्या पासष्टापर्यंत येऊन म्हणाल्या, “फुडं जाऊ का बास?” दोन पाचकोनी आकृत्या एकमेकींत अडकवलेल्या दाखवून तशाच काढायला सांगितल्या. एक बरोबर आली. दुसरीचा खालचा कोपरा त्यांनी गोल केला.

“इथं टोक आहे, अक्का.”

“टोकाचा गळा म्हातारपणी शोभत न्हाई,” त्या म्हणाल्या. तिथं एक गुण गेला.

मला हायसं वाटायला लागलं होतं. भरतलाही वाटत असावं, पण तो ते कबूल करायला तयार नव्हता. “मॅडम, हे पाठांतर झालं,” तो म्हणाला. “सासऱ्यांनाही पाढे शेवटपर्यंत येत होते. तुम्ही तिला आजचं विचारा.”

तो म्हणत होता ते खरं होतं. आम्हाला प्रशिक्षणात हेच शिकवलं होतं, जुनं टिकतं, आत्ताचं आधी जातं. आणि पुढचा प्रश्न नेमका तोच होता.

“अक्का, आज सकाळपासून किती वेळा चहा झाला?”

हौसाक्कांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या मांडीवरच्या रिकाम्या हातांकडे बघितलं.

“व्हायचाय अजून,” त्या म्हणाल्या.

“एकदाही नाही?”

“तू घेणार असशील तर टाकते.”

“मला नको, अक्का. नियम आहे आमचा.”

“मग माझाबी ऱ्हायला.”

भरतला जिंकल्याचा आनंद झाला असता तर मला त्याचा राग तरी आला असता. तो भिंतीवरच्या वडलांच्या फोटोकडे बघत उभा राहिला. मी रकान्यात शून्य लिहिलं. या रकान्याला गुण नव्हते, पण भरतच्या लेखी निकाल लागला होता. ते शून्य काढताना मला फार वाईट वाटलं, कारण ती बाई मला आवडायला लागली होती.

तेवढ्यात समोरच्या घरातली मालन आली. चाळिशीची, अंगावर घरातलीच साडी, हातात पिशवी.

“अक्का, फॉल झाला का?”

“झालाय कवाच. बस. चहा टाकते.”

“नको, तुमचा झाला असंल.”

“न्हाई गं, माझाबी व्हायचाय.”

“मग टाका,” म्हणत मालन मांडी घालून ऐसपैस बसली. भरतनं माझ्याकडे बघून मान हलवली, आणि हौसाक्का उठून स्वयंपाकघरात गेल्या.

मीही मागोमाग गेले. का गेले, सांगता येणार नाही. चाचणी चालू असताना असं उठायचं नसतं. त्या पातेल्यात पाणी मोजून घालत होत्या.

“अक्का,” मी म्हटलं, “खरंच व्हायचाय?”

“हळू बोल. मालन ऐकंल.” त्यांनी गॅस पेटवला. “चारदा झालाय. हा पाचवा.”

मी आवाज खाली आणला. “मग तिला ‘व्हायचाय’ असं का म्हणालात?”

“झालाय म्हटलं तर ती बसंल का? साडी घेऊन घरला जाईल. नवरा गेल्यापास्नं ती एकटीसाठी चहा टाकत न्हाई. मला ठाव हाय की.”

“आणि मला? मी तर विचारत होते. फॉर्मवर लिहायचं होतं.”

“तू माझ्या दारात येऊन कोरडी बसलीयस,” हौसाक्का म्हणाल्या, “आणि तुझ्या तोंडावर मी म्हणू, माझा चारदा झालाय? बरं दिसतं व्हय ते?”

“अहो, पण भरतदादांना तरी सांगायचं. ते ठाण्याला नेतायत तुम्हाला.”

“सकाळपास्नं कोण ना कोण बसलेलंच हाय. कुणाच्या देखत सांगू?” त्यांनी साखरेचा डबा उघडला आणि क्षणभर तसाच धरून ठेवला. “आणि त्याला सांगायला लागतंय? ह्याच घरात वाढलाय तो.”

माझ्या लक्षात आलं की ही बाई परीक्षेत नापास व्हायला तयार आहे, घर सोडून जायला तयार आहे, पण पाहुणीला अवघडून टाकायला तयार नाही. आणि आत्ताची पाहुणी मालन नव्हती, मी होते. जोवर मी कोरडी बसले होते तोवर मला खरं उत्तर मिळणार नव्हतं.

“अक्का,” मी म्हटलं, “माझाही टाका.”

“नियम?”

“टाका तुम्ही.”

बाहेर भरतला विचारलं, तर तो म्हणाला, “मला नको. सकाळी झालाय एकदा. पित्त होतं.” असं तोंडावर सांगून मोकळा झाला. ठाण्यात तसंच सांगत असावेत.

चहा आला. आलं घातलेला, भरपूर साखरेचा. मालननं बशीत ओतून घेतला, मीही ओतून घेतला. हौसाक्कांच्या कपात जेमतेम दोन घोट होते, पण त्यांनी ते आम्हा दोघींइतकाच वेळ पुरवले. मालननं गल्लीतल्या नळाच्या पाण्याची तक्रार सांगितली, कुणाच्या तरी सुनेचं कौतुक केलं, एकदा मोठ्यानं हसली, आणि फॉल बघून समाधानानं साडी घेऊन गेली. दार लागलं. मी बशी रिकामी करून खाली ठेवली.

हौसाक्कांनी पदरानं तोंड पुसलं. “हां,” त्या म्हणाल्या, “आता विचार.”

भरतनं वर बघितलं.

“आज सकाळपासून किती वेळा चहा झाला?”

“पाच. सहाला ह्या भरतबरोबर. सातला दूधवाल्या दादूबरोबर, त्याची म्हैस व्याली म्हणून सांगत बसला होता. साडेआठला परत भरतबरोबर. नऊला भाजीवाल्या इंदूबरोबर, तिला अर्धाच दिला, तिचं दुकान उघडं होतं. आणि हा आत्ताचा.”

मी लिहीत होते. भरतचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण त्यानं सोडलं नाही. “माझ्याबरोबर एकदाच, आई. सहाला. दुसऱ्यांदा मी घेतलेला नाही.”

“घेतलास. ठाण्याला फोन करत उभा होतास. मी हातात कप दिला, तू घेतलास, आणि बोलत ऱ्हायलास. मी शेजारीच बसून माझा प्याले.”

भरत फोनपाशी गेला. फोनशेजारच्या खिडकीत, पडद्याच्या आड, त्याची कपबशी होती. तळाशी उरलेल्या घोटावर साय धरली होती. तो ती हातात घेऊन उभा राहिला.

“पातेलं तू बरोबर मोजलंस,” हौसाक्का म्हणाल्या. “कोण प्यालं त्ये बघितलं न्हाईस.”

“पण तू सगळ्यांना व्हायचाय म्हणत होतीस.”

“मग काय म्हणू? झालाय, आता तुम्ही उठा?”

मग भरत खुदकन हसला. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला असं हसताना मी आधी बघितलं नव्हतं. “आमचे वडील, नाना, असताना,” तो मला म्हणाला, “ही कचेरीतनं नोटीस घेऊन आलेल्या शिपायालासुद्धा म्हणाली होती. माझाबी व्हायचाय, बसा. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. मला कळलं होतं. मी नानांना म्हणालो होतो, आई खोटं बोलते.” त्यानं कपबशी खाली ठेवली. “नाना म्हणाले, गप बस आणि पाट घाल त्यांना.”

मी शून्य खोडून पाच केले, वरची बेरीज केली आणि कागद पिशवीत घालून उठले. तर हौसाक्का म्हणाल्या, “अगं, ती तीन नावं परत विचारणार होतीस न्हवं?”

मी पार विसरले होते.

“विहीर, टोपी, आंबा,” त्या म्हणाल्या. “तुझ्या आईला सांग, पोरीला बदाम चार.”

एकोणतीस पडले. भरतनं ते स्वतः मोजून बघितले. मग म्हणाला, “आई, एक तिकीट उद्या परत करून येतो. पण दर रविवारी फोन करणार, आणि तू उचलायचास.”

“तू चहा घेऊन बोलायला बस, मी उचलते,” हौसाक्का म्हणाल्या.

संध्याकाळी मी सबनीस मॅडमना चहा घेतल्याचं कबूल केलं आणि का घेतला तेही सांगितलं. नोकरी जाईल असं वाटत होतं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, प्रश्न तोच ठेवून या वेळी नियम बदलला, आणि सोमवारपासून आम्ही सगळ्या मुली आधी चहा घेऊन मग विचारायला लागलो. आकडे एकदम वाढले. दोन वर्षांनी अहवाल आला, त्यात चहा घेणाऱ्यांचे गुण न घेणाऱ्यांपेक्षा थोडे बरे निघाले होते. पण चहानं डोकं शाबूत राहतं, की डोकं शाबूत असलेल्यांच्या घरी चहा जास्त होतो, हे आमच्या आकड्यांवरून सांगता येत नाही, असंही मॅडमनी त्यात प्रामाणिकपणे लिहिलं. कुणाबरोबर घेतला, हा रकाना शेवटपर्यंत फॉर्मवर आला नाही.

पण त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. मी चपला घालत होते. हौसाक्का कपबश्या विसळून पालथ्या घालत होत्या. त्यांचं लक्ष भरतकडे गेलं. तो यंत्राशेजारी आईच्या खुर्चीवर बसून, एका साडीचं टोक उगाच बोटानं चाचपत होता.

“तू तसाच ऱ्हायलास की रे,” त्या म्हणाल्या. “तुला टाकू का?”

भरतनं वर बघितलं. त्याचे दोन झाले होते, हे त्याला आता माहीत होतं. पित्ताचं तर त्यानं सगळ्यांना सांगूनच ठेवलं होतं.

“तुझा?” त्यानं विचारलं.

हौसाक्कांच्या हातातला कप अजून ओला होता. “माझाबी व्हायचाय,” त्या म्हणाल्या, आणि चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही.

भरतनं साडी बाजूला ठेवली. इतका वेळ माझ्याशी बोलत होता ती ठाण्याची भाषाही त्यानं तिथंच ठेवली असावी.

“मग टाक,” तो म्हणाला. “माझाबी व्हायचाय.”

मी फाटकापाशी थांबले, पिशवीतून फॉर्म काढला, आणि पाचाचे सहा केले.